गचकेरावांचं पित्त

गचकेरावांचं खरं नाव आठवायला त्यांच्या बायकोलाही जरा वेळ लागायचा. नाटक कंपनीत त्यांच्या वाट्याला मरायची कामं यायची आणि ती ते इतका जीव ओतून करायचे की कंपनीने त्यांना हे नावच चिकटवून टाकलं. विष पिऊन मरणं, तलवारीने मरणं, जिन्यावरून गडगडत येऊन मरणं, प्रेमभंगाने खुर्चीत बसल्याबसल्या मरणं, सगळं करून झालं होतं. तोंडी संवाद एकच, "पाणी..." पण ते पाणी एवढं लांबायचं की विंगेतून मॅनेजर दातओठ खात कुजबुजायचा, "गचका हो आता! लोकांची शेवटची बस जाईल!" एकदा नायिका त्यांच्या प्रेतावर पडून रडायला लागली, तेव्हा प्रेतानेच तिला हळूच सांगितलं, "डावीकडून ये गं. इकडून माझा चेहरा झाकला जातोय."

पुढे कंपनी बुडाली. गचकेराव घरी बसले. बायको शिवणकाम करायची, तिच्या मशीनसमोर येरझाऱ्या घालून घालून त्यांनी फरशी गुळगुळीत केली. जुने प्रवेश आठवले की मध्येच कोसळायचे. कापडाचे तागे उलथेपालथे व्हायचे.

"अहो, घरात किती वेळा मराल?" ती शेवटी वैतागली. "बाहेर जाऊन मरा की कुठेतरी!"

गचकेरावांनी ते मनावर घेतलं आणि वैद्यकीय महाविद्यालयात हृदयविकार विभागात नोकरी धरली. नोकरी रुग्णाची. म्हणजे खोट्या रुग्णाची. तिथे एक संशोधन चाललं होतं: मशीन लावायच्या आधी, नुसतं बोलून-ऐकून, शिकाऊ डॉक्टरांना हृदयविकार कितपत ओळखता येतो? त्यासाठी काही नट हृदयरोगी व्हायचे, काही पोटाचे नाहीतर पाठीचे रुग्ण. कोण काय आहे ते शिकाऊ डॉक्टरांना सांगायचं नाही, त्यांनी प्रश्न विचारून ओळखायचं. हे सगळं चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणायचे. बारीक चष्मा, त्याहून बारीक आवाज, पण तो आवाज चढला की भिंतीवरचे हृदयाचे तक्ते थरथरायचे.

पहिल्याच दिवशी तो चढला.

गचकेराव दार धरून आत आले, स्वतःभोवती एक गिरकी घेतली, टेबलावरचा ट्रे हाताच्या एका फटक्यात खाली आणला आणि "पाणी..." म्हणत आडवे झाले. समोरचा शिकाऊ डॉक्टर बिचारा घाबरून त्यांच्या छातीवर बसला आणि दाबत सुटला. गचकेराव हाडाचे कलावंत. भूमिका सोडेनात. शेवटी बरगडीच कुरकुरली, तेव्हा प्रेत उठून ओरडलं, "अरे मेलो ना मी! अजून किती मारतोस?"

"हा काय प्रकार आहे?" मॅडम म्हणाल्या.

"हार्ट अटॅक."

"असा असतो हार्ट अटॅक?"

"शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला नको, मॅडम?"

"खोलीत एकच माणूस होता!"

"हो ना. आणि तोही पहिल्या रांगेत. म्हणून तर एवढा हादरला."

मॅडम डोकं धरून बसल्या. खरे रुग्ण कसे असतात, किती साधे दिसतात, कितीजणांना छातीत कळ येतही नाही, असं बरंच काही त्या सांगू लागल्या. पण गचकेरावांच्या कानात अपमान घुमत होता, त्यामुळे त्यातलं अक्षरही आत शिरलं नाही. शिरलं ते एवढंच:

"तुम्हाला हृदयरोग झेपत नाही. यापुढे तुम्ही पित्त."

"पित्त?" राजाला हुजऱ्याचं काम द्यावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"पित्त. जळजळ, करपट ढेकर, बस. आणि नाटक नको. पित्त असलेलं एखादं खरं माणूस नीट बघा आणि हुबेहूब तसं वागा. या वेळी जर का कुणी तुम्हाला हृदयरोगी समजलं, तर माझा अभ्यास बोंबलेल आणि तुम्ही घरी जाल. कळलं?"

घरी जाणं म्हणजे पुन्हा ती गुळगुळीत फरशी. गचकेराव मान खाली घालून निघाले.

"पित्त!" घरी येऊन त्यांनी जोडे भिरकावले. "तुला सांगतो, साऱ्या आयुष्यात एक पात्र पित्ताने मेलेलं दाखव मला!"

"मग जगा की," दोऱ्याचं टोक दातांनी तोडत बायको म्हणाली. "आणि पित्ताला नावं ठेवायची नाहीत. मला आहे."

"तुला पित्त आहे?"

"कधीचं! शाळेच्या गणवेशांचं काम आलं ना, तेव्हापासून. रोज गोळी चघळते. संसार कुणाबरोबर करताय, काही पत्ता आहे का?"

गचकेरावांचे डोळे लकाकले. गुरू घरातच बसला होता! त्या दिवसापासून ते सावलीसारखे तिच्या मागे लागले. ती कपड्यांचं गाठोडं घेऊन जिना चढायची, हे चार पायऱ्या मागे. दुसऱ्या मजल्यावर ती थांबायची आणि शेजारणीच्या कुंडीतलं झाड बघितल्यासारखं करायची. हेही थांबायचे. तिने गळ्यातली मापाची टेप काढून हातात घेतली की हे विचारायचे, "टेप का काढलीस?"

"जड वाटते."

"टेप?"

"पित्तात वाटतं तसं. आणि हा जबडा ओढल्यासारखा होतो, हा इथे."

"दाखव, दाखव. हात कसा ठेवलास? पालथा की उताणा?"

"अहो, बाजूला व्हा! बसू द्या जरा. बसलं की जातं माझं."

गचकेराव रात्रीचं जेवण सोडून आरशासमोर बसले. मूठ नाही, अख्खा तळवा छातीच्या मधोमध. कपाळाचा घाम मनगटाच्या मागच्या बाजूने पुसायचा, कारण बोटांत टाचण्या असतात. काय बारकावे! एवढं साधं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी तर कमालच झाली. गिरकी नाही, ट्रे नाही, पाणी नाही. तोंडावर चार थेंब शिंपडून गचकेराव आत जायचे, खुर्चीवर टेकायचे, गळ्यातला मफलर काढून मांडीवर ठेवायचे आणि कंटाळलेल्या आवाजात सांगायचे, "काही नाही हो डॉक्टर, पित्ताचं आहे. जिना चढताना होतं. बसलं की जातं." एकामागून एक शिकाऊ डॉक्टर आले आणि गेले. शेवटची मुलगी तर त्यांना उठूच देईना. आपला आवाज पहिल्यांदाच पहिल्या रांगेपुरता लागला, याचा केवढा अभिमान! ते शीळ घालत मॅडमच्या खोलीत शिरले.

"तुम्ही पुन्हा तेच केलंत!" तक्ते थरथरले. "सगळ्यांनी हृदयविकार सांगितलाय. सगळ्यांनी!"

"कसं शक्य आहे? मी पडलोसुद्धा नाही!"

"मग हे जबड्याचं कुठून आणलंत? माझ्या कागदात जबडा नाही."

"बायकोकडून."

"जिन्यात थांबणं?"

"तिचंच."

"आणि घाम?"

"तिचाच, मॅडम. मी फक्त पाणी मारलं. तुम्हीच म्हणालात ना, खरं माणूस बघा! देवाशपथ सांगतो, पदरचं काहीसुद्धा घातलं नाही. ढेकर घालणार होतो, पण ती देत नाही, म्हणून मीही दिला नाही. एवढं प्रामाणिक पित्त तुम्हाला कुठे मिळणार नाही. मला घरी पाठवू नका."

मॅडमनी चष्मा काढला. आवाज एकदम खाली आला.

"कुठे आहेत त्या आत्ता?"

"घरी. पडदे शिवतेय कुणाचे तरी. का?" आणि मग गचकेरावांच्या डोक्यात ते हळूहळू शिरलं. सगळ्यांनी हृदयविकार सांगितला होता. सगळ्यांनी. ते भिंतीला टेकले आणि आवाज न करता खाली बसले.

"आता नाटक नको," मॅडम म्हणाल्या.

"नाही," गचकेराव म्हणाले.

बायकोला आणायला विभागाची गाडी गेली. ती तणतणतच आली, गळ्यात टेप, पदराला टाचण्या. मॅडमनी विचारलं, धाप लागते? नाही. जबडा दुखतो? छे. वाटेत थांबावं लागतं? मुळीच नाही.

"यांचं काही ऐकू नका हो," ती म्हणाली. "यांना सवयच आहे, कुणालाही मारायची."

मॅडमनी गचकेरावांकडे पाहिलं. गचकेराव उठले. खुंटीवरचे डॉक्टरांचे कोट गोळा करून त्यांचं गाठोडं केलं, काखेत मारलं आणि सपाट जमिनीवर जिना चढायला लागले. एक पायरी, दुसरी पायरी. थांबले. नसलेल्या कुंडीतलं नसलेलं झाड बघितलं. बायकोच्या गळ्यातली टेप काढून हातात घेतली. तळवा छातीवर ठेवला.

"अय्या, मी अशी दिसते?" बायको फिस्सकन हसली. "एवढी वाकत नाही हं मी."

"वाकतेस."

"आणि जबडा उजवीकडे कुठे धरताय? डावा दुखतो माझा, डावा!" म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

छातीला तारा लावल्या, फिरत्या पट्ट्यावर चालवलं. चालणं सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच मॅडमनी मशीन थांबवलं. दुसऱ्या दिवशी मनगटातून बारीक नळी घालून बघायचं ठरलं, आणि अडलेली रक्तवाहिनी सापडली तर तिथल्या तिथे उघडायची.

दुसऱ्या दिवशी गचकेराव त्या बंद दाराबाहेरच्या बाकावर बसले. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मांडीवर ठेवले तर परके वाटायचे, छातीशी बांधले तर खोटे. जाता-येता शिकाऊ डॉक्टर थांबायचे. "वा काका! आज कुठला रोल? घाबरलेला नवरा? काय जमलंय हो!" पहिल्या दिवशी ज्याने त्यांची बरगडी दाबली होती त्याने तर पाठीवर थाप मारली. "एक नंबर! डोळ्यांत पाणी कसं आणता?"

"आपोआप येतंय," गचकेराव म्हणाले.

"हेच, हेच! हा आवाज सोडू नका," असं म्हणून तो पुढे गेला.

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. एक मोठी वाहिनी जवळजवळ बुजली होती, आता मोकळी आहे. आणखी काही दिवस ती बाई पित्ताच्या गोळ्या चघळत राहिली असती तर, असं म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तुमची नोकरी आहे. फक्त पित्त पुन्हा करावं लागेल. या वेळी माझं बघा. मला खरंच पित्त आहे, आणि ते तुमच्यामुळे आहे."

गचकेराव आत धावले. बायको उशीला टेकून बसली होती, मनगटाला पट्टी, आणि नर्सला तिच्या गणवेशाची बाही कुठे उसवली आहे ते दाखवत होती. घोकून पाठ केलेलं एक वाक्य गचकेरावांनी बाकावर बसून तयार ठेवलं होतं. मोठं, गोल, टाळी घेणारं. तोंड उघडलं आणि नुसताच हुंदका आला. बेसूर. मागोमाग दुसरा.

बायकोने चादरीचं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं.

"बघा हो," ती नर्सला म्हणाली, "सगळं आयुष्य रंगभूमीवर गेलं, पण रडायला निघताना माणसाने खिशात रुमाल ठेवावा, एवढं काही यांना शिकता आलं नाही."