एकाच नावाने

कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. अडलेल्या बाईच्या पोटाला हात लावण्याआधी आमची शेजारीण स्वतःच्या अंगावर असा क्रूस काढायची आणि पुटपुटायची, "बापाच्या, पुताच्या आनी पवित्र आत्म्याच्या नावान." पन्नासच्या दशकात मालवणातल्या आमच्या वाडीतली निम्मी पोरं, हिंदू असोत की किरिस्तांव, हे शब्द ऐकतच जगात आली. ती सुईण होती. वाडी तिला माय म्हणायची.

शाळामास्तर तुम्हीही पाहिले असतील. कुणाची चूक दिसली की आमची जीभ वळवळते. एकदा मी म्हटलं, "माय, नावं तीन घेतेस आणि 'नावान' म्हणतेस? 'नावांनी' म्हण."

"नाय मास्तरानु. तीन आसत, पण देव एकच. म्हणान नावय एकच."

"म्हणजे आमचे ब्रह्मा, विष्णू, महेश?"

"ते तुमचे तीन देव. आमचो एकच."

"एक की तीन, एकदा काय ते ठरव बघू!"

ती हसली. हे पाद्रीबाबांनाही नीट समजावता येत नाही, असं तिचं मत होतं. पण एका संध्याकाळी मासळी साफ करता करता, मी काही विचारलेलं नसताना ती म्हणाली, "देव एकटो असतो मास्तरानु, तर जग होवच्या आदी त्यान माया कोणावर केल्यान असती? बाप आसा, पूत आसा, आनी दोगांमधली माया तो आत्मो. ता घर आसा. आमका त्या घरात घेतत." नवऱ्याला समुद्राने नेल्यापासून ती एकटीच राहत होती. मी व्याकरण बाजूला ठेवलं.

त्या घरात जायची वाट म्हणजे बाप्तिस्मा. जन्मलेलं मूल जगेलसं दिसत नसलं, तर पाद्रीची वाट न बघता त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं आणि ओतणाऱ्यानेच 'मी तुका बाप्तिस्मा दितंय' म्हणून पुढे हेच तीन नावांचे शब्द म्हणायचे, अशी त्यांची रीत. कोणत्याही धर्माच्या माणसाने म्हटले तरी चालतात, मन मात्र खरं हवं. त्याशिवाय गेलेल्या मुलाला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरत. म्हणून मदतीला येणाऱ्या प्रत्येक बाईकडून माय ते पाठ करून घ्यायची. माझी बायकोही भाकऱ्या थापता थापता ते म्हणून बघायची आणि मी तिला चिडवायचो.

मग मायची लेक बाळंतपणाला माहेरी आली. भर दुपारी मूल झालं, निळं पडलेलं, जेमतेम धापणारं. त्यातच लेकीचं रक्त थांबेना. मायचे दोन्ही हात लेकीच्या पोटावर दाबलेले; काढले असते तर लेक गेली असती. नातवाला पाणी घालायला तिला हातच उरला नाही.

"वैनी, तू दी गो!" ती ओरडली. माझ्या बायकोने तांब्या उचलला.

लेक वाचली. मूल थोड्या वेळाने गेलं. हात मोकळे होताच मायने आधी माझ्या बायकोचं मनगट धरलं. "लेकीच्या रडण्यात माका आयकाक इला नाय. नावान म्हटलंस मां?"

"व्हय. तीनय घेतलंय. एकाच नावान."

तेव्हा ती रडली. मी ओसरीवर उभा होतो. इतकं रडणारं आणि तरीही इतकं निवलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पाद्रीबाबांनी माझ्या बायकोकडून ते शब्द पुन्हा म्हणवून घेतले, मान हलवली आणि पोराला कुंपणाच्या आत जागा मिळाली. त्या दिवसापासून माय तिला वैनी म्हणेनाशी झाली. 'मादरीन' म्हणू लागली, म्हणजे बाप्तिस्म्याची आई.

लेक नवऱ्याकडे मुंबईला गेली. दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, माय पोरासाठी मेणबत्ती घेऊन जायची. साठ सालानंतर तीही गेली. वाडीची सुईण गेली आणि माझं हक्काने वाद घालायचं माणूस गेलं. मला तिची फार आठवण येते.

त्या नोव्हेंबरात माझी बायको कुंकू लावून, मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेली. मी फाटकाशी थांबलो. कुणा परगावच्या बाईने तिला विचारलं, "बाय, तुमी हिंदू मां? हयसर तुमचा कोण आसा?"

बायको वाकून मेणबत्ती लावत होती. वर न बघताच म्हणाली, "माझा पोर आसा. आनी तेची आजी."