माझा आई आला

शेजारची शंपा बंगालची. मी मराठीची शिक्षिका, म्हणून तिला रोज थोडं मराठी शिकवायचे. एका सकाळी ती धावतच माझ्या दारात आली.

"ताई, माझा आई आला!"

दोन वर्षांनी मायलेकी भेटत होत्या. मी म्हणाले, "माझी आई आली, असं म्हण."

तिने तसं म्हटलं, अगदी बिनचूक, धडा वाचावा तसं. मागे तिची आई हात जोडून उभी होती. तिच्याकडे माझं लक्ष नंतर गेलं.

बंगालीत क्रियापदाला लिंग नसतं, हे मला ठाऊक होतं. त्या चुकीतून शंपाची मातृभाषाच बोलत होती, आणि मी तिला दारातच अडवलं.

हल्ली शंपा भाजीवाल्या मावशींशी चुकतमाकत, हसत मराठी बोलते. माझ्याशी मात्र हिंदीत.