घंटेचा एक टोल

आमच्या सॅलोफेन गावात धुकं उतरलं की चर्च जमिनीवर राहत नाही. खालचं गवत, कबरी, वाट सगळं पुसलं जातं आणि नुसता मनोरा वर तरंगतो. मी पोस्टाच्या दुकानात बसून ते बघत राहते, नि गिऱ्हाईक खोकलं की भानावर येते.

त्या वर्षी चर्च 'व्हेकन्सीत' होतं. दुकानात माणूस हवा असला तरी आमच्याकडे हाच शब्द, आणि पाद्री सोडून गेला तरी हाच. सोडून गेलेल्या पाद्रीबाबांनी रुजू होताना घंटेची दोरी ओढली ती ओढतच राहिले. नवा पाद्री जेवढे टोल देईल तेवढी वर्षं राहील, असं आम्ही धरून चालतो. आम्ही मोजून दमलो. अन् बाबा स्वतः लावलेल्या रास्पबेरीला फळ धरायच्या आत पसार!

मग सगळं पडलं म्युरिएल लार्टरच्या गळ्यात. ती चर्चची कारभारीण. अख्खा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला. पाद्र्याच्या रिकाम्या घरात जाऊन ती शेगडी पेटवायची, पलंगावरच्या चादरी उन्हाला घालायची, घड्याळाला किल्ली द्यायची.

"अगं, कोणासाठी एवढं?" मी चिडून म्हणायची. "जाहिरातीला कुत्रं विचारत नाही."

"पेग, व्हेकन्सी आहे म्हणजे कोणीतरी यायचंय," ती म्हणायची. "येणाऱ्याला गार अंथरूण द्यायचं का?"

बिशपच्या कचेरीनं बजावलं होतं, या खेपेला कोणी आलं नाही तर चर्चला कुलूप. म्युरिएलचा नवरा सिरिल तिथंच मागच्या भिंतीशी कबरीत झोपलेला. "मला त्याच्याशेजारी ठेवताना प्रार्थना म्हणायला आपला पाद्री हवा," ती म्हणायची. "मला 'कोण ही बाई?' असं विचारणारा नको." तिला दुसरं काही नको होतं.

आणि एक अर्ज आला. हेस्टर ब्लाइथ. किडकिडीत, ओल्या बुटांची, बोलताना मध्येच खिडकीबाहेर हरवणारी. म्हटलं, चला, धुक्याला धुकं भेटलं!

रुजू व्हायच्या दिवशी गाव लोटलं. रिवाजाप्रमाणे म्युरिएलनं तिचा हात धरून दाराच्या किल्लीवर ठेवला, मग मनोऱ्याखाली नेलं. हेस्टरनं दोरी ओढली. एक टोल. आम्ही कान टवकारून उभे. तिनं दोरी हळूच खुंटीला अडकवली.

म्युरिएलचा चेहरा पडला. ती केक कापायला लागली. "वर्षभराची पाहुणी," ती पुटपुटली. मला तर असा संताप आला, म्हटलं हिला चहासुद्धा देऊ नये.

पण म्युरिएलनं काही कमी केलं नाही. शेगडी धूर ओकायची, ती कशी फुंकायची ते शिकवलं. दोघी मागच्या भिंतीशी बसून मटार सोलायच्या. मी लांबून बघायची आणि वाटायचं, हे सारं स्वप्नातलं, हलवलं तर मोडेल.

वर्ष भरलं. सकाळी पाव मांडत होते, तर घंटा वाजली. एकदाच. मी एप्रनवरच धावले. म्युरिएल आधीच मनोऱ्याखाली पोचलेली.

"तुम्हाला ती पद्धत ठाऊक होती?" तिनं विचारलं.

"होती की," हेस्टर म्हणाली. "पण दहा-वीस वर्षांचं वचन कुठल्या तोंडानं देऊ? एका वर्षाचं देता येतं. ते पाळलं. आता हे दुसरं."

"अगं बये, मग तोंडानं सांगायचंस ना! माझा जीव टांगणीला लावलास वर्षभर!" म्युरिएल हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर दर वर्षी त्या दिवशी एक टोल व्हायचा. म्युरिएल ऐकायची, मान हलवायची आणि किटली चढवायची.

या वसंतात म्युरिएल गेली. धुकं इतकं होतं की पेटी कोण वाहतंय ते दिसेना. ती आपली आपण तरंगत निघाल्यासारखी वाटली. सिरिलच्या शेजारी हेस्टरनं प्रार्थना म्हटली. म्युरिएलचं नाव घेताना तिचा आवाज फाटला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माणसं पांगली. माझ्या मनात आलं, ही राहिली ती म्युरिएलसाठी. आता कशाला राहतेय?

तेवढ्यात घंटा वाजली. एकच टोल. दर वर्षीचा तो दिवस यायला अजून अवकाश होता. मी मनोऱ्याशी गेले तर हेस्टर दोरी धरून उभी, डोळे लाल.

"कारभारणीची व्हेकन्सी आहे," ती म्हणाली. "शेगडी पेटवता येते का तुला?"

"मेली धूर फार करते," मी म्हटलं. "पण येते."