कुराहाशींचा ‘विचार करू’

कडव्या राष्ट्रवाद्यांची काळी गाडी आजही गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि भोंगा सुरू झाला. "कुराहाशीसाहेब, उठलात का? देश विकून झोप बरी लागते हो तुम्हाला!"

सुमिएने खिडकी लावून घेतली. शेजारच्या निशिवाकीबाई तर आताशा तिला बघून रस्ताच बदलायच्या.

तिच्या नवऱ्याची, तेत्सुओ कुराहाशींची, सगळी नोकरी परदेशांतल्या जपानी वकिलातींत गेली. कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. नको असलं की ते म्हणायचे, "विचार करू." तोक्योत एवढ्यावर समजायचं, विषय मिटला. निवृत्त झाल्यावर टेबल टेनिसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना उपाध्यक्ष केलं. "बॅट धरता येत नाही तुम्हाला," सुमिए हसली होती, "पण परक्यांच्या पंगतीला बसता येतं ना!"

महासंघाच्या बैठकीत, ज्या देशाशी जपानचं वैर, तिथल्या टेबल टेनिस संघटनेच्या प्रमुखाने विचारलं, "आमच्या मुलींना तोक्योच्या स्पर्धेला बोलावणार ना?" सवयीने कुराहाशी बोलून गेले, "विचार करू." त्याने तो होकारच धरला. पेपरात छापून आलं. त्या मुली आज दुपारी विमानतळावर उतरणार होत्या.

"अहो, अजून वेळ आहे. ऐकण्यात चूक झाली म्हणून कळवा. महासंघाच्या ऑफिसातलेही तेच म्हणताहेत ना?"

"ऐकणाऱ्याची कसली चूक? बोलणारा मी." त्यांनी सूपची वाटी खाली ठेवली. "आल्या पावली परत पाठवलं, तर तिकडे त्या पोरींचे काय हाल होतील कोण जाणे."

"आणि तुमचे?"

ते उठून कोट घालू लागले. बाहेरून भोंगा म्हणाला, "रस्ता जपून ओलांडा हं, साहेब."

सुमिएने देव्हाऱ्यात दिवंगत सासू-सासऱ्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. हात जोडले, पण मागावं काय? नवरा घरी राहू दे म्हणावं, तर त्या पोरीही कुणाच्या तरी लेकी. ती नुसतीच डोळे मिटून बसली.

दाराशी त्यांना बुटाची नाडी बांधता येईना. तिने वाकून बांधली आणि स्वतःही चपला पायात सरकवल्या.

"तू कुठे?"

"पोरींना घ्यायला घरातली बाई नको?"

तिने दार सरकवलं तसा भोंगा एकदम गप्प झाला. गाडीतून माणसं उतरली आणि नुसती बघत राहिली. चारचौघांत नवऱ्याला कधी हात न लावलेल्या सुमिएने त्यांची बाही घट्ट धरली, आणि दोघं त्या माणसांच्या दिशेने चालू लागली. दुसरी वाटच नव्हती.