चोंदल्या नाकाने निवडलेलं बेणं

बटाट्याचं बेणं घ्यायचं तर थोरल्या काकूंना सोबत न्यायचं, हा आसपासच्या शेतकऱ्यांचा शिरस्ता होता. व्यापारी गोणीच्या तोंडचे देखणे बटाटे पुढे करायचा; काकू कोपरापर्यंत हात खुपसून तळातले काढायच्या. अंगठ्याने साल घासायच्या, सुटली तर माल कोवळा. कोंब आखूड आणि जाडजूड हवेत. पांढरे लांबुडके दिसले की म्हणायच्या, "हे उन्हात उभे केले तर चक्कर येऊन पडतील." शेवटी हात नाकाशी. सड आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना.

यंदा नेमकं त्यांचं नाक चोंदलेलं. आणि बेणं घ्यायचं होतं धाकट्या जावेला, जिने घरातल्या सगळ्यांशी वाद घालून पहिल्यांदाच स्वतःचा तुकडा कसायला घेतला होता. गोदामात सगळे काकूंच्या तोंडाकडे बघत उभे. काकूंनी हात हुंगला. चुन्याची भिंत हुंगावी तसं झालं, कसलाच वास नाही. पण एवढ्या लोकांत सर्दीचं नाव काढतील तर त्या काकू कसल्या? भारदस्तपणे होकाराची मान हलवून त्या मोकळ्या झाल्या.

लावणी झाली आणि सर्दी गेली. सर्दीबरोबर झोपही गेली. शेजारच्या शेतात हिरवं दिसू लागलं, जावेच्या सऱ्या मात्र ढिम्म. काकू गवताच्या निमित्ताने तिकडे जायच्या, कुणी नाही बघून एक बटाटा उकरायच्या, दाबायच्या, हुंगायच्या. घट्ट असायचा. पण एक चांगला म्हणून शेजारचाही चांगला कशावरून? मग तोही उकरायचा.

एके सकाळी जाऊ हाका मारतच दारात आली. काकू हातातलं काम टाकून उठल्या. तिच्या मागून शेतावर गेल्या, तर सऱ्या भरून कोंब वर आलेले, काळपट हिरवे, ठेंगणे, ठणठणीत. काकू बांधावर सुखाने टेकल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना ओल्या मातीचा वास गोड वाटला.

"जाऊबाई, सगळं उगवलं," जाऊ म्हणाली. "फक्त या कडेला मधे मधे खाडे पडलेत. कोंब मोडलेले दिसतात."

"उंदीर असेल."

जाऊने वाकून मातीतला ठसा पाहिला, मग काकूंच्या पायांकडे.

"असेल," ती म्हणाली. "पण चपला घालून हिंडणारा उंदीर मी पहिल्यांदाच बघतेय."

काकू इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग पदराने नाक पुसत त्यांनी सर्दीचं सगळं सांगून टाकलं.