पाचवा ढीग

मगनकाकांशी हात मिळवायला गेलं की हातात खडी यायची. "सावे, डोळे मिटा. कुठला माल?" वेवजीजवळच्या त्या खाणीवर मी वजनकाट्याला नवीन लागलो होतो आणि ते क्रशरचे मॅनेजर होते. मी म्हटलं, "वीस एमएम." ते म्हणाले, "माप सांगितलंत, आकार राहिला. ही चपटी आहे. चपटा दगड आधी स्वतः आडवा होतो, मग वरच्याला आडवा करतो."

काका चिंचणीचे. उंच, जरा वाकलेले. घरी गुजराती, कामावर मराठी. डब्यातले शेंगदाणेसुद्धा आधी लहान-मोठे वेगळे करून खायचे.

आमच्याकडे खडीची अकरा नावं चालत. गुजरातचे ट्रकवाले कपची म्हणत, चारोटीचे बांधकामवाले बारीक म्हणत, आणखी कुणी चणा. गाडी भरून काट्यावर आली की भांडण ठरलेलं. काकांनी नव्या चाळण्या बसवल्या, चार मापं ठरवली आणि चार ढिगांवर चार रंगांच्या पाट्या लावल्या. "नाव ज्याचं त्याने घरी ठेवावं. इथे माप चालेल." भांडणं खरंच थांबली.

त्यात एक ढीग मात्र गेला. पट्ट्यावरून येणारी चपटी खडी बायका हाताने पाटीत वेचून कडेला टाकत. भरावासाठी कुणी ना कुणी ती नेई. काकांनी ती परत क्रशरमध्ये टाकायला लावली. "तो माल नाही, अर्धवट काम आहे," ते म्हणाले. मलाही ते पटलं. आवार स्वच्छ दिसायला लागलं.

पावसाळ्यानंतर खाण पुन्हा सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. वेचणाऱ्या लक्षीबाई काकांना म्हणाल्या, "काका, चपटी बंद केली ना तुम्ही? मग माझी पाटी का बंद होत नाय? भरते नि भरतेच."

बायका हसल्या. काकांनी पट्टा थांबवला. पाटीतला एक तुकडा घेतला, डोळे मिटून बोटांत फिरवला. "आजची चपटी आत टाकू नका. जुन्या जागी टाका."

पूर्वी आठवड्यात होई तेवढा ढीग जेवणाच्या सुट्टीआधीच झाला. काका त्याच्यापुढे उभे राहिले, मग समोरचा उघडा कडा न्याहाळला. "आतला दगड थरांचा लागलाय, सावे. म्हणून चपटी वाढली. आणि थर आपल्या बाजूला कललेत, कधीही घसरतील. हा ढीग ते सांगत होता. मीच त्याला इथून उठवला."

खाली डोंगराच्या पायथ्याशी माणसं सुरुंगासाठी भोकं पाडत होती. काकांनी शेठना फोन लावला. शेठचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काका, डोंगर उद्यापण तिथेच आहे. गाड्या उभ्या आहेत, माल पाठवा."

"डोंगर असेल, शेठ. खालच्या माणसांचं सांगा."

फोन ठेवून ते उतारावरून खाली गेले आणि सगळ्यांना वर घेऊन आले. मुकादम वैतागला. "काका, दाडकी कोण देईल आमची? आजची मजुरी बुडाली ना." काका उतारावर खुर्ची टाकून वाट अडवून बसले. "माझ्यावरून जायचं तर जा."

चहा चालू असताना आवाज आला. स्फोटासारखा नव्हता, लाद्यांची थप्पी सरकावी तसा, बराच वेळ. धूळ बसली तेव्हा भोकं पाडायचं मशीन दिसत नव्हतं. मुकादम चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला.

लोक काकांच्या पाया पडायला आले. त्यांनी कुणाला पडू दिलं नाही. महिन्याअखेर काम सोडून ते चिंचणीला गेले. मी भेटायला जायचो, पण त्यांनी पुन्हा कधी माझ्या हातात खडी दिली नाही. एकदाच म्हणाले, "विकत नाही म्हणून एखादी गोष्ट नाही, असं समजू नका." गेल्या वर्षी ते वारले.

खाण आता डोंगराच्या दुसऱ्या अंगाला चालते. नवे मॅनेजर विचारतात, हा पाचवा ढीग कशाला. मी तो काढू देत नाही. आज सकाळी तो माझ्या गुडघ्याइतका होता. आता, जेवणाच्या सुट्टीत, कमरेला लागतो.

डबा बंद करून मी मुकादमाला हाक मारली.