घणवाल्याच्या पाठीचं दुखणं

इस्त्रीवालीचा गाल सुजलेला दिसला आणि कुणी विचारलं, तर ती सांगायची, "त्यांची पाठ दुखते हो." ऐकणारा चक्रावायचा. तिला त्यात काही चुकीचं वाटत नसे. नवरा जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत घण मारायचा. त्या टोळीची रीतच होती, कुणी 'दुखतंय' म्हणाला की त्याच दिवशी कामावरून घरी. एका गड्याचं बोट चेचलं, तर फडकं गुंडाळून त्यानं भिंत पाडली आणि वर हसला म्हणे! मग दिवसभर गिळलेलं दुखणं कुठंतरी निघणारच ना? ते हिच्यावर निघायचं. एकदा त्यानं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा तर तापलेली इस्त्रीच तिच्या दंडाला लावली. माणूस वाईट नाही, मणका वाईट आहे, अशी ती मनाची समजूत घालायची. काय म्हणावं या बाईला!

म्हणून मणक्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याच्यापेक्षा हीच जास्त खूश झाली. पाठ बरी झाली की मार थांबेल, या एकाच आशेवर तिनं दुकान बंद ठेवलं आणि दवाखान्यात मुक्काम ठोकला.

आणि ऑपरेशन झाल्यावर या बहाद्दरानं तिथं काय करावं? सिस्टर येऊन विचारायची, "दादा, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. किती दुखतंय?"

"शून्य." कपाळावर घाम, मुठीत चादर, तरी शून्य!

"औषधांबद्दल समाधानी आहात ना?"

"एक नंबर!"

झालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं कमी केली. सिस्टरची पाठ वळताच त्यानं बायकोचा हात पकडला आणि बोट मागं दाबत राहिला, ते मोडेपर्यंत. तिनं तोंडात पदर कोंबला.

"सिस्टर, ते खोटं सांगतायत," ती बाहेर येऊन काकुळतीनं म्हणाली. "फार दुखतंय त्यांना."

"ताई, दुखणं ज्याचं त्यालाच विचारायचं असतं. तुमच्या सांगण्यावर औषध कसं वाढवू?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. दोघांनी धरून घणवाल्याला कुशीवर वळवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, पण तोंडातून ब्र नाही. इस्त्रीवाली मुद्दाम त्याच्या हाताच्या टप्प्यात जाऊन उभी राहिली. जीव मुठीत धरून म्हणाली, "अहो, सांगा की डॉक्टरांना, दुखतंय म्हणून."

ठोसा असा बसला की तिचा ओठ फाटला आणि दात फरशीवर पडला.

"डॉक्टर," ती रक्त पुसत म्हणाली, "शून्य दुखणारा माणूस असा मारतो का?"

ताबडतोब मोठं इंजेक्शन दिलं गेलं. हळूहळू त्याचा जबडा सैल पडला. कपाळाच्या आठ्या गेल्या. त्यानं पायाची बोटं हलवून पाहिली. "अगं, खरंच काही नाही गं," तो म्हणाला. ती रडायलाच लागली. जिंकले बाई एकदाची, असं तिला वाटलं.

"जवळ ये," तो मऊ आवाजात म्हणाला. ती वाकली. त्यानं तिचे केस मुठीत पिळले आणि कपाळ पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा.

"चारचौघांत माझं दुखणं काढतेस? माझ्या टोळीला कळलं तर?"

सिस्टर धावत आली, तिनं त्याची मूठ सोडवली. "दादा, इतकं दुखतंय का अजून?"

"छे! शप्पथ, आता जरासुद्धा नाही."

इस्त्रीवालीनं त्याचा चेहरा नीट पाहिला. घाम नव्हता, दात आवळलेले नव्हते. तो खरं बोलत होता. इतकी वर्षं आपण एका मणक्याला शिव्या घातल्या, आणि तो बिचारा यात कुठंच नव्हता. तिला आधी लाज वाटली, मग संताप आला.

"सिस्टर," ती म्हणाली, "यांना सोडाल त्या दिवशी टोळीतल्या कुणाला तरी बोलवा. मी न्यायला येणार नाही."